लोडला मिसिंग

शिरूर सोडलं की न्हावरे, आंधळगाव, नागरगाव; मग भीमेवरचा पूल ओलांडून दौंड तालुक्यातलं पारगाव, केडगाव आणि चौफुल्याला सोलापूर रस्ता. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा हा आडवा रस्ता. दोन्ही अंगाला ऊस, मध्येच कांदा, आणि पारगाव-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी. या रस्त्यावरचं खरं वाहन पिकअप. एसटी येते-जाते, ट्रॅक्टर हंगामात रस्ता अडवतात, पण बारा महिने राबते ती पिकअप. सकाळी तिच्यात कांद्याच्या गोण्या असतात, दुपारी गुळाच्या ढेपा किंवा पेंडीची पोती, संध्याकाळी एखादी व्यालेली म्हैस. लग्नसराईत तीच गाडी मांडवाचे खांब वाहते आणि वरातीपुढे स्पीकरच्या भिंती घेऊन चालते. आषाढात भजनी मंडळ हौद्यात बसतं. आरसी बुकात तिच्या भाराची एक मर्यादा लिहिलेली असते. ती वाचलेला मालक मला अजून भेटायचा आहे.

अशी गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की गॅरेजात येणारी एक तक्रार ठरलेली: "मिस्त्री, गाडी लोडला मिसिंग मारती."

चांगला मिस्त्री यावर लगेच बॉनेट उघडत नाही. हात पुसत प्रश्न विचारतो. कधीपासनं? गार असताना, का तापल्यावर? रिकामी पण मारती, का भरल्यावरच? धूर कसला? डिझेल कुठं टाकलं होतं? आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून: आधी कुणी खोलली होती? पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं मालक उत्साहानं देतो. सहाव्याला म्हणतो, "कोणीच नाही." इंजिनाच्या नटांवर मात्र ताज्या पान्याच्या खुणा चकाकत असतात.

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेतं. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला सोळाशे, सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठोके. पेटण्याचा क्रम बहुधा एक, तीन, चार, दोन. यातला एक सिलिंडर गप्प झाला, म्हणजेच मिसिंग मारू लागला, की सेकंदाला सहा-सात ठोके गळतात. उरलेले तिघे चौथ्याचं ओझं ओढतात, गाडी थरथरते, गिअरचा दांडा हलायला लागतो. रिकाम्या गाडीत हे एक वेळ खपून जातं. हौद्यात दीड टन कांदा भरला की खपत नाही.

पेट्रोलच्या इंजिनात असं झालं की सगळ्यांचा हात आधी स्पार्क प्लगकडे जातो. जुनी पिकअप डिझेलची. तिच्यात ठिणगीच नाही. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली जर्मनीत आऊग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं तत्त्व आजही तेच आहे: हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या पलीकडे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. आग आपोआप लागते. त्यामुळे डिझेलचा सिलिंडर गप्प झाला तर संशयित मुळात तीनच. डिझेल पोचत नाही, पोचतं पण फवारा नीट होत नाही, किंवा हवा पुरेशी दबत नाही. सगळा तपास या तिघांतून दोघांना निर्दोष सोडण्याचा.

या भागाला असा ठोका ऐकायची सवय गाडीच्या आधीपासून आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात, खडकीला उभी राहिली, आणि विजेचे खांब रानात पोचण्याआधी विहिरींवर डिझेलची इंजिनं पोचली. एका सिलिंडरचं, संथ, लांबून ऐकू येणारं इंजिन. घरी जेवायला बसलेल्या माणसाला रानातल्या इंजिनाचा ठोका चुकलेला कळायचा आणि तो हातातला घास ठेवून निघायचा. आजचे साठीतले मिस्त्री त्या इंजिनांवर हात काळे करून पुढे गाड्यांकडे आले. काही 1986 नंतर टाटा 407 वर शिकले, काही महिंद्राच्या जीपांवर, ज्यांत प्यूजोच्या परवान्यानं इगतपुरीला बनलेली डिझेल इंजिनं असायची. त्यांच्यानंतरची पिढी तालुक्याच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून आली. दोघांच्या पद्धतीत फरक आहे आणि एकमेकांबद्दल मतंही आहेत. ती छापण्याजोगी नाहीत.

चौफुल्याच्या अलीकडे अशाच एका गॅरेजात एक जुनी पिकअप उभी होती. पाटी एमएच 42, म्हणजे बारामती आरटीओची, म्हणजे दौंड-बारामती-इंदापूरकडची. शेजारी एमएच 12 वाल्या शिरूरच्या आणि घोड नदीपलीकडून आलेल्या एमएच 16 वाल्या नगरच्या गाड्या. या पिकअपची कहाणी इथून पुढे सांगतो, कारण ती अगदी नमुनेदार आहे. गार असताना ठीक. पाच-दहा किलोमीटर भरून चालली की थरथर आणि मागे पांढुरका धूर. आधीच्या गॅरेजांत एअर फिल्टर बदलला होता, डिझेल फिल्टर बदलला होता, चारही नोझल नवे बसवले होते, आणि पंप उतरवून कॅलिब्रेशन करून आणला होता. बरंच काही बदललं होतं. मिसिंग तेवढी तशीच होती.

धुरापासून सुरुवात झाली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. पांढऱ्याचा दुसरा प्रकार पाण्याच्या वाफेचा. हेड गॅस्केट फुटून कुलंट आत शिरत असेल तर तो येतो आणि त्याला गोडसर वास असतो. या गाडीचा धूर झोंबणारा होता. मिस्त्रीनं रेडिएटरचं झाकण, इंजिन गार असतानाच, काढून ठेवलं होतं. सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे आले नाहीत. गॅस्केट तूर्त संशयातून सुटलं.

मग हवा. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत हा रोग इतका सर्रास आहे की बरेच जण इथंच थांबतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीखाली असतो. त्याला चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली एक थेंब नाही आणि गाडी आचके देते, म्हणून मालकाला पाइपवर संशय येत नाही. यावर गॅरेजवाल्यांचा उपाय साधा: फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप जोडायचा आणि इंजिन चालू करून बघत राहायचं. बुडबुडे दिसले की एकेक जोड मागे जात टाकीपर्यंत तपासायचा. बहुतेक वेळा गुन्हेगार निघतं ते पुन्हा वापरलेलं तांब्याचं वायसर. एकदा दाबलं गेलेलं वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही, आणि ते फेकवत कुणाच्याच्यानं नाही. पावसाळ्यात हवेऐवजी पाणी निघतं. त्यासाठी फिल्टरखालचा नट सैल करून आधी तळाचं पाणी सोडून बघतात.

पारदर्शक पाइपमधून डिझेल स्वच्छ, सलग वाहत होतं.

आता पान्याची पाळी. इंजिन चालू ठेवून, तापलेलं असताना, एकेका नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळीचा नट अर्धा फेरा सैल करायचा. डिझेल तिथंच झिरपतं आणि तो सिलिंडर बंद पडतो. जो सिलिंडर काम करत होता तो बंद केला की इंजिनाचा आवाज बसतो, गाडी आणखी थरथरते. जो आधीच काम करत नव्हता त्याचा नट सैल केला तर काहीच फरक पडत नाही. पहिल्याला इंजिन बसलं. दुसऱ्याला बसलं. तिसऱ्याला काही नाही. चौथ्याला बसलं. सगळा खेळ पाच मिनिटांचा. तिसरा सिलिंडर.

इथं एक इशारा द्यायलाच हवा. हा प्रयोग फक्त जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर. नव्या कॉमन रेल इंजिनाच्या नळीत दाब हजार बारच्या वर, काहींत सोळाशेपर्यंत जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून हाडापर्यंत डिझेल घुसवते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बोट कापावं लागू शकतं. जुन्या सवयीचा हात नव्या इंजिनावर जाऊ नये एवढ्यासाठी काही गॅरेजवाले कॉमन रेलच्या नळ्यांना लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवतात.

तिसरा सिलिंडर सापडला म्हणजे रोग सापडला असं नाही. दोष कुठल्या घरात आहे एवढंच कळलं. बहुसंख्य गॅरेजांत या टप्प्यावर म्हणतात, "नोझल बदलून बघू." इथं नोझल नवे होते. तरी मिस्त्रीनं तिसऱ्याचा नोझल काढून दुसऱ्यात घातला आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात. नवी वायसरं टाकली, हातपंपानं हवा काढली, गाडी तापेपर्यंत फिरवली आणि पुन्हा नट सैल करून बघितले. माझ्या मते साऱ्या मोटार दुरुस्तीतली सगळ्यात देखणी युक्ती हीच आहे. दोष नोझलबरोबर दुसऱ्या घरात गेला तर नोझल दोषी. दोष जागचा हलला नाही तर नोझल निर्दोष. नवा भाग लागत नाही, अंदाज लागत नाही, फक्त तासभर वेळ लागतो. दोष तिसऱ्यातच राहिला.

नोझलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मालकांचे बहुतेक पैसे तिथं जातात. जुनी पिढी अजून त्यांना मायकोचे नोझल म्हणते. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच मायको, 1951 साली स्थापन झाली. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण नाशिकच्या चौकाचं मायको सर्कल आणि मिस्त्रीच्या तोंडातलं मायको काही बदललं नाही. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. तिच्यात कचरा अडकला की फवाऱ्याऐवजी धार पडते, धार जळत नाही, पांढरा धूर येतो. पंप-नोझलवाल्याकडे तपासायचं यंत्र असतं: हातदांड्यानं दाब द्यायचा, गेजवर आकडा वाचायचा, फवारा कसा उघडतो ते बघायचं. मात्र त्या फवाऱ्याखाली बोट धरायचं नाही.

आमच्या पिकअपचे नोझल सुटले होते. राहिली हवा दाबण्याची गोष्ट. नोझलच्या भोकातून कॉम्प्रेशन गेज लावला. डिझेल इंजिनात पंचवीस-तीस बारचा आकडा यावा. पण एकटा आकडा फार सांगत नाही, चौघांतला फरक सांगतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असते तर दोघांमधलं गॅस्केट फुटलं म्हणता आलं असतं. इथं एकटा तिसरा खाली होता. आणि गंमत अशी की गार इंजिनावर तो जवळपास बाकीच्यांएवढा होता, तापल्यावर पडत होता.

गॅरेजातल्या पोरानं चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये ओतून पुन्हा मोजू या असं सुचवलं. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, असं पुस्तकात असतं. मिस्त्रीनं मान हलवली. पेट्रोल इंजिनात हे ठीक आहे. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागाच इतकी थोडी उरते की चमचाभर ऑइलनंच ती भरते आणि आकडा कसाही वाढतो. रिंगा चांगल्या असोत की गेलेल्या.

त्यानं टॅपेट कव्हर काढलं आणि फिलर गेजच्या पत्त्या उघडल्या. व्हॉल्व्हचा देठ आणि रॉकर यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी लागते, गाडीनुसार थोडी कमी-जास्त. ही फट तापल्यावर लांबणाऱ्या देठासाठी असते. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा जाईना. फट शून्य. गार असताना व्हॉल्व्ह कसाबसा बसायचा. इंजिन तापलं, देठ लांबला की व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहायचा, दाबलेली हवा त्यातून निसटायची, डिझेल पेटायचं नाही. दरवाज्याखाली खडा अडकला आणि कडी लागेना, एवढंच.

मालकाला पुन्हा विचारलं, खोलली होती का? आता आठवलं. काही महिन्यांपूर्वी वरून टकटक आवाज यायचा, म्हणून कुणीतरी "टॅपेट आवळून दिले" होते. आवाज गेला होता. टॅपेटचा थोडा आवाज निरोगी इंजिनाचाच असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्या आठही टॅपेटांचं सेटिंग झालं, तापल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं, तिसरा बाकीच्यांच्या जवळ आला होता. असा उघडा व्हॉल्व्ह भरल्या गाडीत फार दिवस चालला तर जळतो आणि मग हेड उतरवावं लागतं. या गाडीचं नशीब चांगलं. चाचणीसाठी ती पाटसवरून रोटी घाटात नेली. बारामती रस्त्यावरचा हा घाट लहान, पण तुकोबांच्या पालखीच्या रथालाही इथं जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. मिस्त्रींना भरल्या गाडीची परीक्षा घ्यायला तेवढा चढ पुरतो. दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या भाराला, धूर न सोडता गाडी वर गेली.

हा सगळा तपास निघाला एका दिवसाचा. त्यासाठी लागलेला माल: तांब्याची वायसरं आणि टॅपेट कव्हरचं गॅस्केट. आधी झालेला खर्च: दोन फिल्टर, चार नोझल, पंपाचं कॅलिब्रेशन, प्रत्येक वेळची मजुरी आणि गाडी उभी राहिल्यामुळे बुडालेली भाडी. मूर्ख मिस्त्री आणि शहाणा मिस्त्री असा हा सरळ मामला नाही. आधीच्या गॅरेजवाल्यांनी बदललेला प्रत्येक भाग संशय घेण्याजोगाच होता. अडचण बिलाच्या वहीत आहे. त्या वहीत मालाचा रकाना असतो आणि मजुरीचा, शोधण्याचा नसतो. मिस्त्रीनं दिवसभर डोकं लावून एक स्क्रू पाव फेरा फिरवला तर मालक त्याचे पैसे द्यायला कां-कूं करतो. तोच नवा नोझल खोक्यातून काढून दाखवला तर बिनतक्रार देतो, जुना भाग कागदात गुंडाळून घरीही नेतो. हे माहीत असल्यावर "बदलून बघू" हाच धंद्याचा शहाणपणा ठरतो. मालकही त्यात भागीदार असतो. गाडी सकाळी दिली तर संध्याकाळी हवी, उद्या केडगावच्या बाजारात कांदा न्यायचाय. तासभर तापवून, गार करून, पुन्हा मोजायला वेळ कुणाकडे आहे?

नव्या गाड्यांनी हे सुटेल असं वाटलं होतं. एप्रिल 2017 मध्ये धुराचं बीएस फोर मानक देशभर लागू झालं, एप्रिल 2020 मध्ये बीएस सिक्स, आणि पिकअपमध्ये कॉमन रेल, सेन्सर आणि इसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, हे त्रिकूट पक्कं बसलं. शिरूर तालुक्याला या तंत्राचं तसं परकेपण असायला नको. कॉमन रेलचा पाया इटलीत फियाटच्या गोटात घातला गेला, पुढे ते तंत्र बॉशनं घेतलं आणि 1997 मध्ये आल्फा रोमिओ 156 ही त्याची पहिली मोटार बाजारात आली. त्याच फियाटचा टाटांबरोबरचा भागीदारीतला कारखाना रांजणगावच्या एमआयडीसीत आहे, महागणपतीपासून हाकेच्या अंतरावर, आणि 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन तिथं बनायचं. देशातल्या कितीतरी मोटारींत ते बसलं. बीएस सिक्स आलं आणि ते बंद झालं. न्हावऱ्याच्या एखाद्या घरात मुलगा त्या कारखान्यात इंजिनं जुळवत होता आणि बापाची पिकअप गावातल्या गॅरेजात अंदाजावर दुरुस्त होत होती, हे सहज शक्य आहे.

नव्या इंजिनात इसीयू तोच ठोका ऐकतो, फक्त कानाऐवजी दातांनी. क्रँकच्या चाकावर दात असतात, पुष्कळदा साठ जागांपैकी दोन रिकाम्या ठेवून. सेन्सर हे दात मोजतो. सिलिंडर पेटला की चाक क्षणभर वेग घेतं. पेटला नाही तर घेत नाही. कुठल्या दातापाशी वेग पडला यावरून सिलिंडर कळतो आणि स्क्रीनवर पी 0303 उमटतं: तिसरा सिलिंडर. पेट्रोल-सीएनजीच्या गाड्यांत हा कोड नेमका येतो. तिथला रोग पुष्कळदा स्पार्क प्लगचा किंवा कॉइलचा असतो. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर ठीक चालणारी गाडी सीएनजीवर आचके देते. डिझेलमध्ये स्कॅनर चार सिलिंडरांसाठी चार आकडे दाखवतो, कुणाला इसीयू जास्त डिझेल देतोय आणि कुणाला कमी.

पण कोड घर सांगतो, रोग सांगत नाही. नट सैल करून जे पाच मिनिटांत कळत होतं तेवढंच. शिरूरच्या बाजूचे काही तरुण मेकॅनिक यावर जी चाचणी करतात ती मला त्या नोझल-अदलाबदलीच्या जातीची वाटली. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन चालू ठेवायचं. जी बाटली इतरांच्या आधी भरते तो इंजेक्टर आतून झिजला. या बाटल्या औषधाच्या दुकानाजवळ सापडणाऱ्या सलाइनच्या असतात. इंजेक्टर बदलावा लागलाच तर त्याच्यावर छापलेला कोड इसीयूत भरावा लागतो. तो न भरता बसवलेला नवाकोरा इंजेक्टर पुन्हा मिसिंग मारू शकतो. एका इंजेक्टरची किंमत पाच आकडी, म्हणजे इथं "बदलून बघू" परवडण्यासारखं नाही, तरी चालतं. ऊस तुटला की रान मोकळं होतं आणि उंदीर वस्तीकडे सरकतात, असं गॅरेजवाले सांगतात. मग कुरतडलेल्या वायरीमुळे किंवा गंजलेल्या अर्थिंगमुळे स्कॅनर एकदम तीन सेन्सर दोषी दाखवतो. तीनही विकत आणणारे मालक आहेत.

या जुन्या मेकॅनिकल पिकअप अजून किती वर्षं पळतील हे फिटनेसवर आहे. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, आणि 2021 च्या स्क्रॅप धोरणानंतर यंत्रावरच्या तपासणीचं प्रमाण वाढतंय. धूर मोजणाऱ्या यंत्राला ओळखदेख नसते. तोवर मिसिंग शोधून काढणाऱ्या माणसाला काम आहे.

एमएच 42 वाली पिकअप रोटी घाटातून परत आली तेव्हा मालक बिलाचा कागद हातात घेऊन उभा होता. त्यावर वायसर, गॅस्केट आणि मजुरी एवढंच लिहिलं होतं.

"मिस्त्री, सामान तर काहीच टाकलं नाही, आन मजुरी एवढी?"

"शेठ, सामान टाकलं असतं तर याच्या पाचपट झालं असतं. मागच्या टायमाला झालंच की."

मालकानं कागद दोनदा उलटसुलट बघितला. शेवटी निम्मे पैसे मोजले आणि बाकी कांद्याची पट्टी आल्यावर देतो म्हणाला. मिस्त्रीनं वहीत त्याचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे टॅपेटची तारीख टाकली, आणि पुढच्या गाडीकडे वळला. ती गार असताना मिसिंग मारत होती.